पडद्यावरील वीर आणि बिदरचा हबशी कोट

खेळ हा मनुष्याचा फार जुना सोबती होय. सारीपाट, बुद्धिबळ, गंजिफा ह्या खेळांनी आपल्या पूर्वजांच्या कित्येक दुपारी रंगविल्या. त्या खेळांतही पात्रे होतीच. बुद्धिबळात राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि प्यादी असा सारा लवाजमा असतो. सावंतवाडीच्या गंजिफांवर तर दशावतार रंगविलेले असतात. परंतु बुद्धिबळातील प्यादे कोणत्या देशाचे, त्याच्या कातडीचा रंग कोणता, ते कोणती भाषा बोलते, असे कोणी कधी विचारले नाही. प्यादे लाकडाचे होते, आणि त्याला चेहरा नव्हता.

आज खेळाला चेहरा आला आहे, वाचाही आली आहे. मोबाईलवर, संगणकावर आणि दूरचित्रवाणीच्या संचावर खेळले जाणारे व्हिडिओ गेम आता भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद येथील घराघरांत पोहोचले आहेत. वडीलधाऱ्या मंडळींस ह्या खेळांत केवळ कालापव्यय दिसतो. अभ्यासाच्या वेळेचा प्रश्न महत्त्वाचा आहे, ह्यात शंका नाही. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय तो नव्हे. ह्या खेळांत जी माणसे दिसतात ती कोण असतात, त्यांत कोणत्या वंशाच्या, कोणत्या वर्णाच्या माणसांस मानाचे स्थान मिळते आणि कोणास मिळत नाही, ह्याविषयी जगभर जो वाद चालू आहे, तो आम्ही येथे समजावून घेऊ इच्छितो. येथे ‘वर्ण’ हा शब्द चातुर्वर्ण्याच्या अर्थाने नव्हे, तर कातडीचा रंग ह्या अर्थाने योजिला आहे, हे प्रथमच सांगून ठेवतो.

कोणी म्हणेल, नाटकात आणि चित्रपटातही पात्रे असतात; मग खेळातील पात्रांचेच एवढे कौतुक कशासाठी? ह्याचे उत्तर खेळणाऱ्या मुलाच्या बोलण्यातच सापडते. चित्रपटातील नायक खड्ड्यात पडला, तर पाहणारा म्हणतो, ‘तो पडला.’ खेळातील नायक खड्ड्यात पडला, तर खेळणारा म्हणतो, ‘मी मेलो.’ पडद्यावरचे ते चित्र त्याच्या बोटांच्या इशाऱ्याने चालते, धावते, लढते. म्हणून घटकाभर तो मुलगा तेच पात्र होऊन जातो. ज्याच्या अंगात आपण घटकाभर शिरतो, तो कोण आहे हा प्रश्न मग क्षुल्लक राहत नाही. आणि ज्यास मारण्यासाठी आपण बाण सोडतो किंवा बंदूक झाडतो, तो नेहमी कोणत्या रंगाचा असतो, हा प्रश्न तर त्याहूनही क्षुल्लक नाही.

ह्या प्रश्नाचा शोध अभ्यासकांनी आकड्यांनी घेतला आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत १५० खेळांतील पात्रांची, जणू काही जनगणनाच करावी तशी, मोजदाद केली होती. शंभरातील सुमारे ८० पात्रे गोऱ्या वर्णाची निघाली. पुरुषांची आणि प्रौढांची संख्या प्रत्यक्ष लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा अधिक, तर स्त्रियांची आणि मुलांची कमी भरली. अमेरिकेत ज्यांची संख्या त्या काळी सुमारे एक-अष्टमांश होती, असे लॅटिन अमेरिकन वंशाचे लोक खेळांत शंभरांत तीनही आढळले नाहीत. आणि जे आढळले ते नायकाच्या जागी नव्हे, तर आसपास वावरणाऱ्या दुय्यम पात्रांत.

संख्येइतकेच महत्त्व चित्रणाच्या तऱ्हेस आहे. आपल्या देशाचेच उदाहरण घेऊ. १९९१ साली निघालेल्या ‘स्ट्रीट फायटर टू’ ह्या जपानी खेळात निरनिराळ्या देशांचे मल्ल एकमेकांशी झुंजतात. त्यांत भारताचा म्हणून जो मल्ल आहे त्याचे नाव धालसिम. तो योगी आहे. त्याच्या गळ्यात कवट्यांची माळ आहे, त्याचे हातपाय रबरासारखे लांब होतात आणि तो तोंडातून ज्वाळा फेकतो. खेळ म्हणून ही कल्पना गमतीची आहे, आणि आपल्याकडील पुष्कळ मुलांनी धालसिमला आवडीने खेळविलेही असेल. परंतु ज्या परदेशी मुलाने दुसरा भारतीय कधी पाहिलाच नाही, त्याच्या मनात भारतीय मनुष्य म्हणजे कवट्या घालणारा जादूगार, हेच चित्र ठसणार नाही काय? एक चित्र चुकीचे असणे ही मोठी आपत्ती नव्हे. एकच चित्र असणे ही खरी आपत्ती आहे.

आता आपल्या जुन्या शास्त्रचर्चेच्या रीतीस अनुसरून आधी पूर्वपक्ष मांडू. ज्यांना ही सारी चर्चा अनावश्यक वाटते, त्यांचे म्हणणे तीन प्रकारचे आहे. पहिले असे की, खेळ हा करमणुकीसाठी आहे. त्यात वंश आणि वर्ण मोजत बसल्यास खेळाचा खेळपणा नाहीसा होईल. दुसरे असे की, खेळ रचणारा हा कलावंत आहे. अमुक रंगाची इतकी पात्रे घालावीत, असा निर्बंध त्याच्यावर घातल्यास त्याच्या कल्पनेचे पंख कापले जातील, आणि अशी बळेच आणून बसविलेली पात्रे निर्जीव ठरतील. तिसरे असे की, खेळ जर गतकाळाविषयी असेल तर त्यात त्या काळी नसलेली माणसे घालणे म्हणजे इतिहासाचा विपर्यास होय. हे तिन्ही आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. विशेषतः तिसरा आक्षेप सत्याच्या नावाने केला जातो. म्हणून त्याचा विचार आपण प्रथम करू.

ह्या आक्षेपावरून अलीकडे फार मोठा गदारोळ उठला तो ‘अॅसॅसिन्स क्रीड शॅडोज’ ह्या खेळावरून. हा खेळ मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची कथा सोळाव्या शतकातील जपानात घडते, आणि त्याच्या दोन नायकांपैकी एक यासुके नावाचा आफ्रिकी योद्धा आहे. जपानातील कथेत काळा वीर कसा, असा आक्षेप जगभर घेण्यात आला. परंतु यासुके ही काही कल्पित व्यक्ती नव्हे. आलेस्सांद्रो व्हालिन्यानो हा इटालियन जेझुइट धर्माधिकारी हिंदुस्थानातील आपले काम पाहून १५७९ साली जपानात उतरला, तेव्हा त्याच्या परिवारात हा आफ्रिकी मनुष्य होता. १५८१ साली जपानचा प्रबळ सरदार ओदा नोबुनागा ह्याने त्याला पाहिले. त्याच्या कातडीचा काळा रंग खरा आहे, ह्यावर नोबुनागाचा विश्वास बसेना. त्याने अंग धुवून पाहावयास लावले. खात्री पटल्यावर त्याने यासुकेला आपल्या सेवेत ठेवून घेतले. १५८२ साली होन्नो-जी येथे नोबुनागाचा अंत झाला, त्या प्रसंगी यासुके तेथे होता. त्याला ‘सामुराई’ ही पदवी लावणे कितपत युक्त आहे, ह्याविषयी मतभेद आहेत. पण तो होता, आणि शस्त्रधारी सेवक म्हणून होता, हे समकालीन लेखांवरून निश्चित आहे. तात्पर्य, गतकाळ आपण समजतो तितका एकरंगी नव्हता.

ही गोष्ट जपानविषयी वाचून एखाद्यास नवल वाटेल. बिदर आणि कलबुर्गीच्या रहिवाशास मात्र ते वाटण्याचे कारण नाही. बिदर शहराच्या पूर्वेस एक टेकडी आहे. तिला हबशी कोट म्हणतात. तेथे हबशी सरदारांची थडगी आहेत. अबिसीनिया, म्हणजे आजचा इथिओपिया आणि त्याच्या आसपासचा आफ्रिकेचा मुलूख, ह्यास अरबी भाषेत ‘हबश’ म्हणत. तेथून आले ते हबशी. गुलाम म्हणून विकली गेलेली ही माणसे समुद्रापलीकडून दख्खनच्या बंदरांत उतरली, आणि त्यांतील कित्येक आपल्या कर्तबगारीने सैन्याचे अधिकारी, किल्लेदार आणि सरदार झाले. आपल्या गावाच्या वेशीबाहेर आफ्रिकेचा इतिहास उभा आहे, आणि जाता-येता त्याच्याकडे पाहूनही आपण तो वाचीत नाही.

बहमनी राज्याची स्थापना १३४७ साली झाली. त्याची राजधानी प्रथम गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे होती. पंधराव्या शतकात ती बिदरला आली. ह्या दरबारात इराणी होते, तुर्क होते, अरब होते, हबशी होते. आणि येथील मातीत वाढलेले मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारे लोकही होते. बिदरचा प्रसिद्ध मदरसा बांधणारा वजीर महमूद गावान हा इराणातील गिलान प्रांताचा. नौबादजवळची भुयारी जलवाहिनी, जिला ‘करेज’ म्हणतात, ती इराणी पद्धतीची. १४७० च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरून जुन्नरमार्गे बिदरला आला. त्याने आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवले आहे की, आपण जाऊ तेथे लोकांची गर्दी मागे लागे, कारण गोरा मनुष्य पाहून त्यांना अचंबा वाटे. विद्यार्थिमित्रांनो, ह्या एका वाक्यात केवढा बोध भरला आहे पाहा! जपानात काळा मनुष्य नवलाचा ठरला, चौलात गोरा नवलाचा ठरला. ‘वेगळा’ ही काही कोणा एका वंशाची जन्मजात खूण नव्हे. पाहणारा कोठे उभा आहे, त्यावर ती अवलंबून असते.

यासुकेच्याच पिढीतील दुसऱ्या एका आफ्रिकी पुरुषाचे नाव आपण सर्वांनी इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. ते म्हणजे मलिक अंबर. १५४८ च्या सुमारास आफ्रिकेत त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो विकला गेला, हातोहाती फिरत अहमदनगरला पोहोचला, आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान ह्याच्या पदरी राहिला. तो पेशवाही पूर्वी हबशी गुलामच होता. १६०० साली मोगलांनी अहमदनगर जिंकले, तेव्हा बुडती निजामशाही अंबरने सावरली आणि पुढे सुमारे पाव शतक मोगलांना दख्खनमध्ये सुखाने बसू दिले नाही. जमिनीची प्रतवारी लावून त्याने बसविलेली महसुलाची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ नावाजली गेली. खडकी हे नगर त्याने १६१० साली वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि विजापूरकर ह्यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे भोसले निजामशाहीच्या बाजूने लढले. हा आफ्रिकी पुरुष मराठी इतिहासाचे एक सबंध प्रकरण आहे. दख्खनवर कोणी खेळ रचला आणि त्यात काळा सेनापती दाखविला, तर तो इतिहासाचा विपर्यास नव्हे. त्यास वगळले, तर मात्र विपर्यास होईल.

ह्याच मलिक अंबरच्या दोन चित्रांवरून आपल्या विषयाचे मर्म अधिक स्पष्ट होते. जहांगीर बादशहास अंबरचा पराकाष्ठेचा द्वेष वाटे. अंबर काही त्याच्या हाती लागेना. तेव्हा १६१६ च्या सुमारास अबुल हसन ह्या चित्रकाराने एक चित्र रंगविले. त्यात बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून, भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडीत आहे. हे चित्र आज डब्लिन येथील संग्रहालयात आहे. वास्तविक त्या वेळी अंबर जिवंत होता आणि पुढे दहा वर्षे जिवंत राहिला. १६२६ साली तो मरण पावला, तो जहांगीरच्या बाणाने नव्हे. जे रणांगणावर साधले नाही, ते कागदावर साधून घेण्यात आले. दुसरे चित्र हाशिम नावाच्या मोगल चित्रकाराचे; ते लंडन येथील संग्रहालयात आहे. त्यात अंबर हा वयोवृद्ध, शांत, पांढऱ्या वस्त्रातील एक भारदस्त पुरुष म्हणून उभा आहे. मनुष्य एक, काळ एक, चित्रशाळाही मोगलांचीच. परंतु पहिल्या चित्रात तो केवळ बाणाचे निशाण आहे आणि दुसऱ्यात तो माणूस आहे. आजच्या खेळांविषयी जो वाद आहे, तो ह्या दोन चित्रांतील अंतराचा वाद आहे. काळा मनुष्य पडद्यावर आहे की नाही, एवढेच विचारून भागत नाही. तो निशाण म्हणून आहे की माणूस म्हणून, हेही विचारावे लागते.

येथवर वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, मग सर्व वंशांची माणसे खेळात भरली की प्रश्न सुटला! परंतु बिदरचाच इतिहास आपणास सावध करतो. बहमनी दरबारात अनेक वंशांची माणसे होती खरी; परंतु ती एकमेकांस आपली मानीत नव्हती. येथे रुळलेले ते ‘दख्खनी’ आणि समुद्रापलीकडून नव्याने आलेले ते ‘आफाकी’, असे दोन तट पडले. हबशी बहुधा दख्खनी पक्षाकडे असत. इराणी, तुर्क आणि अरब हे आफाकी. महमूद गावान स्वतः आफाकी असूनही त्याने दोन्ही पक्षांस अधिकाराच्या जागा सारख्या वाटून देण्याचा यत्न केला. त्याच्या विरोधकांनी त्याच्या मुद्रेचे एक बनावट पत्र तयार केले, आणि त्यावर विसंबून सुलतानाने १४८१ साली त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. त्यानंतर राज्याची शकले होण्यास फार काळ लागला नाही. एका राज्याची पाच राज्ये झाली. दरबारात चेहरे सर्व प्रकारचे होते, परंतु ‘हा आपला नव्हे’ हा एकच विचार त्या वैभवास पुरून उरला. नुसती उपस्थिती म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे, हा धडा मदरशाच्या भग्न भिंतींत आजही वाचता येतो.

मग प्रतिनिधित्व म्हणजे तरी काय? ह्याचेही उत्तर आपणास दूर शोधावे लागत नाही. बसवकल्याण हे आपल्याच जिल्ह्यातील गाव. बाराव्या शतकात तेथे बसवेश्वरांच्या भोवती जे शरण जमले, त्यांत मडिवाळ माचिदेव हे परीट होते, ढोर कक्कय्या हे कातडी कमावणारे होते, अंबिगर चौडय्या हे नावाडी होते. ह्या शरणांना कोणी केवळ मंडपात बसवून घेतले नाही. त्यांनी स्वतः वचने रचली, आणि चौडय्यांनी तर स्वतःचे नावच आपल्या वचनांची मुद्रा म्हणून योजिले. आपल्या वारकरी परंपरेतही गोरा कुंभार, चोखामेळा आणि जनाबाई ह्यांच्याविषयी इतरांनी लिहिले एवढ्यावर भागले नाही. त्यांचे अभंग त्यांच्या स्वतःच्या मुखातून आले. खरे प्रतिनिधित्व ते हेच. माणसाला चेहरा मिळावा, नाव मिळावे, आणि स्वतःचे बोल मिळावेत.

ही कसोटी हाती घेऊन आजच्या काही खेळांकडे पाहू. २०१७ सालचा ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ हा अमेरिकन खेळ पश्चिम घाटात घडतो, आणि त्यात होयसळांच्या वैभवाची पार्श्वभूमी आहे, म्हणजे तो आपल्या कर्नाटकाचाच देखावा. त्याची नायिका क्लोई हिचे वडील भारतीय आहेत, तर तिची सोबतीण नाडिन ही दक्षिण आफ्रिकेची काळी स्त्री आहे. दोन स्त्रिया, दोघीही गोऱ्या नायकाच्या साहाय्यावाचून पराक्रम करणाऱ्या. चेहरा आणि नाव दोन्ही मिळाले. परंतु नाडिनला आवाज दिला तो एका गोऱ्या अमेरिकन अभिनेत्रीने, आणि त्यावरून वाद झाला. एक पक्ष म्हणाला, सोंग घेणे हाच अभिनयाचा धर्म आहे. दुसरा म्हणाला, काळ्या अभिनेत्रींना आधीच संधी थोडी. जी एक भूमिका त्यांच्यासाठी होती तीही दुसरीकडे जावी काय? पहिल्या पक्षाचे तत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु संधी जेथे सर्वांस सारखी आहे, तेथेच ते तत्त्व न्यायाचे ठरते.

आपले लोक स्वतः खेळ रचू लागले म्हणजे काय घडते, ह्याची दोन उदाहरणे आहेत. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ह्या मंडळीने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याची नायिका सर्कशीत कसरती करणारी एक मुलगी आहे. ती आपल्या धाकट्या भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडविण्यास निघते. त्यातील वाडे आणि किल्ले राजस्थानी शिल्पावरून, तर चित्रे पहाडी शैलीवरून घेतली आहेत. कॅनडात २०२३ साली निघालेला ‘वेण्बा’ हा खेळ त्याहूनही वेगळा. त्यात लढाई नाही. तामिळनाडूतून कॅनडास गेलेले एक कुटुंब आहे, आईची जुनी फाटलेली पाककृतींची वही आहे, आणि खेळणाऱ्याने इडली व इतर पदार्थ योग्य रीतीने करावयाचे आहेत. मुलगा हळूहळू मातृभाषेपासून दूर जातो, ही त्या खेळातील व्यथा. ह्या लहानशा खेळाला २०२४ साली ब्रिटनमधील बाफ्टा पुरस्कार मिळाला. कवट्यांची माळ घालणाऱ्या धालसिमपासून इडलीपात्र चुलीवर ठेवणाऱ्या वेण्बापर्यंतचा हा प्रवास बत्तीस वर्षांचा आहे. दुसऱ्या पूर्वपक्षास, म्हणजे कलावंताच्या स्वातंत्र्याच्या आक्षेपास, ह्याहून चांगले उत्तर कोणते? येथे कोणी निर्बंध घातला नव्हता. नवे लोक खेळ रचू लागले, आणि कल्पनेचे पंख कापले न जाता तिला नवे आकाश मिळाले. पहिल्या आक्षेपाचेही उत्तर ह्यातच आले. कारण स्वतःच्या घरचा स्वयंपाक खेळात आला, म्हणून खेळाची गोडी उणी झाली नाही.

परंतु दुसऱ्यांच्या डोळ्यांतील कुसळ दाखविताना स्वतःच्या डोळ्यांतील मुसळ विसरून चालणार नाही. आपल्या गोष्टींच्या पुस्तकांत राक्षस कोणत्या रंगाचा काढतात? आपल्या नाटकसिनेमांत नायिका बहुधा गोरी आणि दासी बहुधा सावळी का असते? उपवर मुलीच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द कोण घालतो? ज्या विठ्ठलाच्या दर्शनासाठी आपल्या जिल्ह्यांतून दिंड्या पंढरपूरला जातात, तो सावळा. राम सावळा, कृष्ण सावळा. आणि तरीही घरात सावळे मूल जन्मले की हळू आवाजात बोलणारे लोक आपल्यातच आहेत. तीच गोष्ट हबशांची. त्यांचे वंशबांधव सिद्दी हे आजही आपल्या राज्यातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर आणि हल्याळच्या रानांत, शेकडो वर्षे राहत आले आहेत. ते कोकणी आणि कन्नड बोलतात, येथलेच अन्न खातात. तरी बाजारात आणि बसमध्ये त्यांना ‘तुम्ही कोणत्या देशाचे?’ असे विचारले जाते. २०२० साली शांताराम सिद्दी ह्यांची कर्नाटकाच्या विधान परिषदेवर नेमणूक झाली, तेव्हा त्या समाजाचा पहिला मनुष्य राज्याच्या विधिमंडळात बसला. हबशी कोटावरील थडग्यांपासून विधान परिषदेच्या आसनापर्यंत मध्ये केवढा काळ गेला, ह्याचा विचार करावा.

सीमाभागातील आम्हा लोकांस तर हा प्रश्न अधिक जवळून कळावयास हवा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. नकाशावर रेषा ओढली गेली. घरातील बोली मात्र जेथल्या तेथे राहिली. आमच्या मराठीत कन्नडचे शब्द सहज मिसळतात, दख्खनी हिंदीचा हेल येतो. पुण्यामुंबईच्या नाटकांत आणि चित्रपटांत असली बोली कानी पडली, तर ती बहुधा नायकाच्या तोंडून नव्हे, हशा पिकविणाऱ्या पात्राच्या तोंडून. आपल्यासारखा बोलणारा मनुष्य नेहमी हसण्याचाच विषय झाला, म्हणजे मूल हळूहळू आपली बोली गिळू लागते. पडद्यावर आपला चेहरा न दिसणे, किंवा दिसला तर वेडावाकडा दिसणे, ह्याचे दुःख अमेरिकेतील काळ्या मुलास कसे होत असेल, हे औरादच्या मुलास समजावून सांगावे लागू नये.

आता शेवटी एक काम आम्ही विद्यार्थ्यांवर सोपवितो. बिदरच्या किल्ल्यावर, महमूद गावानाच्या काळातील एक खेळ रचावयाचा आहे, असे समजा. वहीचे एक पान घ्या आणि त्यातील पात्रांची यादी करा. मदरशातील इराणी पंडित येईल, चौलहून घोड्यांबरोबर आलेला अरब सौदागर येईल, निकितिनसारखा बावरलेला रशियन येईल, तटावर पहारा देणारा हबशी शिलेदार येईल. पण तेवढ्यावर थांबू नका. बिदरी कारागीर, करेज खोदणारे मजूर, कन्नड बोलणारा शेतकरी, मराठी बोलणारी कुणबीण, तेलुगू विणकर ह्यांनाही त्यात जागा द्या. मग प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न लिहा : ह्याला स्वतःचे नाव आहे काय? हा स्वतःच्या भाषेत बोलतो काय? आणि खेळणारा घटकाभर ‘मी’ म्हणून ह्याच्या अंगात शिरू शकतो काय? ज्याच्यापुढे तिन्ही उत्तरे ‘नाही’ अशी येतील, त्याच्यावर तुमच्याही हातून अन्याय झाला, असे समजून ती ओळ पुन्हा लिहा.

बिदरी काम करणारा कारागीर जस्त आणि तांबे ह्यांच्या ओतीव भांड्यावर चांदीची वेलबुट्टी बसवितो. नंतर किल्ल्यातील माती नवसागराबरोबर कढवून त्यात ते भांडे घालतो. त्याबरोबर सारे भांडे काळे होते आणि चांदी तेवढी उजळून निघते. काळे वगळले तर चांदी दिसत नाही, चांदी वगळली तर काळ्याची शोभा कळत नाही. पुढे तुमच्यापैकी कोणी खेळ रचील, कोणी चित्र काढील, कोणी गोष्ट लिहील, कोणी केवळ खेळून आनंद घेईल. आपापल्या जागी प्रत्येकाने, ज्याला आजवर निशाण म्हणून उभे केले गेले त्याला माणूस म्हणून पाहण्याची दृष्टी ठेवावी. हबशी कोट आपल्याच वेशीवर आहे. पुढच्या सहलीला किल्ला पाहावयास जाल तेव्हा तेथेही जा, त्या थडग्यांपाशी क्षणभर थांबा, आणि तेथे निजलेली माणसे कोठून आली व येथलीच कशी झाली, हे एकमेकांस सांगा.